दारापर्यंत न येणारा रोगी



दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली म्हणजे हजेरीपुस्तकांतील कांहीं नांवांपुढें रिकाम्या चौकटी दिसूं लागतात. पाथर्डी, शेवगांव, जामखेड आणि पलीकडे बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर या भागांतून जीं मुलें आपल्याकडे शिकावयास येतात, त्यांतील कित्येकांचे आईबाप त्या सुमारास ट्रकांत संसार घालून ऊंसतोडणीस निघून गेलेले असतात. कांहीं मुलें बोर्डिंगांत किंवा आजीपाशीं राहतात. कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात, तीं चैत्र-वैशाखांत परत येतात. आम्ही शिक्षक त्यांच्या नांवापुढें 'गैरहजर' असें लिहितों. तीं मुलें त्या वेळीं कोठें हजर आहेत हें लिहिण्यास हजेरीपुस्तकांत रकाना नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता आठवीच्या वर्गास मीं 'माझी आई' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलानें लिहिलें होतें, "आईची पिशवी काढली तेव्हांपासून ती खाडा करीत नाहीं." मीं 'पिशवी' या शब्दाखालीं लाल शाईनें रेघ ओढिली, 'कोणती पिशवी? अर्थ स्पष्ट करावा' असा शेरा मारिला आणि वही परत दिली. मधल्या सुटींत तो मुलगा माझ्यापाशीं आला व मान खालीं घालून म्हणाला, "सर, पोटांतली." त्याच्या आईचें वय तेव्हां तिशीच्या आंतबाहेर असावें.

आज वीस वर्षें मी मुलांस मराठी शिकवीत आहें. परंतु त्या दोन शब्दांचा अर्थ मला त्या मुलानें शिकविला. गर्भाशयास त्या भागांत 'पिशवी' म्हणतात आणि कामावरील गैरहजेरीस 'खाडा'. हे दोन शब्द एका वाक्यांत कां आले, याचा मीं त्यानंतर शोध घेतला, आणि त्यांतून जें समजलें तें आज तुमच्यापुढें मांडीत आहें. विषय संकोचाचा आहे हें मी जाणतों. तथापि ज्या संकोचापायीं दुसऱ्याच्या शरीराचा नाश होतो, तो संकोच सद्गुणांत मोडत नाहीं.

प्रथम हें काम कसें चालतें तें पाहूं. महाराष्ट्रांत ऊंसाचा गळीत हंगाम साधारणपणें आक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर या जिल्ह्यांतील आणि कर्नाटकांतीलही कारखान्यांस ऊंस तोडून देण्यासाठीं मराठवाड्याच्या व नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून लक्षावधि माणसें जातात. त्यांचा कारखान्याशीं प्रत्यक्ष संबंध नसतो. मध्यें मुकादम असतो. पावसाळ्यांत घरांतील धान्य व पैका संपत आला असतां मुकादम एक रक्कम आगाऊ देतो. तिला 'उचल' म्हणतात. ही उचल एकट्या माणसास मिळत नाहीं. नवरा व बायको मिळून 'एक कोयता' होतो आणि उचल त्या कोयत्यास मिळते; एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. व्यवहाराच्या भाषेंत स्त्रीचें नांव कोठेंच येत नाहीं हें लक्षांत घ्या. ती एका हत्याराचा अर्धा भाग आहे. पैसे बहुधा पुरुषाच्या हातीं पडतात, फेड मात्र दोघांच्या अंगानें होते.

फडावरचा दिवस पहांटें तीन-चार वाजतां सुरू होतो. स्त्री त्याच्याही आधीं उठून भाकरी थापून घेते. मग दिवसभर ऊंस तोडणें, पाचट काढणें, मोळ्या बांधणें, त्या डोक्यावर घेऊन गाडींत किंवा फळीवरून ट्रकांत चढविणें, हें काम चालतें. ट्रक रात्रीं आला तर रात्रीं भरावा लागतो. बिऱ्हाड म्हणजे पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कागदाची कोपी. तेथें पुष्कळदां न्हाणीघर नाहीं, शौचकूप नाहीं. पाणी दूरवरून आणावें लागतें. मासिक पाळीच्या दिवसांत कपडा बदलण्यास आडोसा नाहीं, धुण्यास पाणी नाहीं आणि बसण्यास वेळ नाहीं. अशा स्थितींत ओटीपोटाचे व मूत्रमार्गाचे विकार जडले तर त्यांत नवल तें काय? विकारानें अंगांतून पाणी जातें, कंबर दुखते, पाळी अनियमित होते. एक दिवस कोपींत पडून राहावें तर 'खाडा' धरला जातो. त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय दंड उचलींत मिळविला जातो; म्हणजे आजारी पडलेल्या माणसाचें कर्ज वाढतें. बरें होण्यास जो विसावा लागतो तोच जेथें अपराध ठरतो, तेथें औषधानें काय व्हावें?

आतां कोणी विचारील, "सरकारी दवाखाना आहे, औषध फुकट आहे, मग या स्त्रिया तेथें कां जात नाहींत?" हा प्रश्न मीही पूर्वीं विचारीत असें. त्याचें उत्तर असें कीं, या माणसांस कोणी कोंडून ठेविलेलें नसलें तरी तीं झांकलेलीं आहेत, आणि त्यांच्यावर तीन पडदे आहेत.

पहिला पडदा मोजदादीचा. आपली आरोग्यव्यवस्था लोकसंख्येच्या हिशेबावर उभी आहे. सपाट प्रदेशांत सुमारें ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि खेड्यांत सुमारें १,००० वस्तीस एक आशा कार्यकर्ती, असें तिचें प्रमाण आहे. आशाताईच्या वहींत तिच्या गांवच्या गरोदर स्त्रियांचीं व तान्ह्या मुलांचीं नांवें असतात. ऊंसतोडणीस गेलेल्या स्त्रीचें नांव तिच्या स्वतःच्या गांवच्या वहींत असतें, पण तेथें ती नसते. ज्या गांवच्या फडांत ती असते, तेथील वहींत तिचें नांव नसतें. जेथें ती मोजली जाते तेथें ती नाहीं, आणि जेथें ती आहे तेथें ती मोजली जात नाहीं. यांत कोणा एकाचा दुष्टपणा आहे असें नव्हे. दोन्हीं वह्या आपापल्या परीनें बरोबर आहेत. चूक दोन वह्यांच्या मधल्या जागेंत आहे, आणि त्या जागेंत लक्षावधि माणसें राहतात.

या चुकीचा परिणाम कसा होतो तें दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. कार्तिकांत जन्मलेलें मूल घ्या. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत त्याला लसी टोंचावयाच्या असतात. हे तिन्ही आठवडे फडावर जातात. किंवा क्षयरोग झालेला तोडकरी घ्या. साध्या क्षयरोगाचें औषध निदान सहा महिने खंड न पाडतां घ्यावें लागतें, आणि ऊंसाचा हंगामही पांच-सहा महिन्यांचा असतो. श्रावणांत औषध सुरू केलेला रोगी दिवाळीच्या सुमारास दूर निघून गेला आणि तेथें औषध तुटलें, तर रोग अर्धवट राहतो. इतकेंच नव्हे तर नेहमींच्या औषधांस न जुमानणारा होऊं शकतो. मग त्याच कोपींत झोंपणाऱ्या मुलांस तो जडतो.

दुसरा पडदा वेळेचा. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण तपासणी दिवसा असते. ज्या वेळीं डॉक्टर खुर्चीवर बसतात त्या वेळीं ही स्त्री फडांत वांकलेली असते. ती कोपीवर येते तेव्हां दवाखान्याचें दार लागलेलें असतें. दवाखाना सर्वांस खुला आहे हें वाक्य खरें आहे, परंतु तें ज्यांचा दिवस स्वतःच्या मालकीचा आहे त्यांच्यापुरतेंच खरें आहे.

तिसरा पडदा भीतीचा व लज्जेचा. मुकादमाची परवानगी न घेतां टोळी सोडून जातां येत नाहीं. कर्नाटकांत गेलेल्या स्त्रीस तेथील भाषा येत नाहीं. तपासणारा डॉक्टर पुरुष असला तर ती दुखणें कंबरेचें म्हणून सांगते. जें सांगावयाचें तें ओठांतच राहतें. अशा रीतीनें जो रोगी दारापर्यंत येत नाहीं तो निरोगी समजला जातो, आणि आपल्या वह्यांतून त्याचा रोग नाहींसा होतो. शरीरांतून मात्र तो नाहींसा होत नाहीं.

येथवर आपण पाहिलें तें उपचाराच्या अभावाविषयीं. परंतु त्या मुलाच्या आईस उपचार मिळाला नव्हता असें नाहीं. तिला उपचार मिळाला, आणि माझ्या मतें या कथेचा अधिक कठीण भाग तोच आहे. हंगाम संपवून गांवीं परतलेली स्त्री दुखण्यानें त्रासून खाजगी दवाखान्यांत जाते. तेथें अनेकींस असें सांगण्यांत आलें कीं पिशवी खराब झाली आहे, ती काढून टाका. न काढल्यास कर्करोग होईल. दोनतीन मुलें झालेली आहेत, पाळीच्या दिवसांतील खाडे चुकतील, दर महिन्याचा त्रास संपेल, असा विचार करून ती व तिचा नवरा होकार देतात. शस्त्रक्रियेस लागणारी रक्कम पुष्कळदां मुकादमाकडूनच उचल म्हणून घेतली जाते, आणि ती फेडण्यासाठीं ती स्त्री पुढच्या हंगामांत पुनः फडावर उभी राहते.

२०१९ सालीं वर्तमानपत्रांतून ही गोष्ट उघडकीस आल्यावर महाराष्ट्र सरकारनें विधानपरिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमिली. बीड जिल्ह्यांत ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचा गर्भाशय काढलेला आढळला. गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा: सहा स्त्रियांत एक. संबंध देशाच्या कुटुंबआरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण सुमारें शंभरांत तीन इतकें आहे. एकाच देशांतील स्त्रियांच्या शरीरांत निसर्गतःच एवढा फरक असूं शकत नाहीं. हा फरक कामाच्या रीतीनें केलेला आहे.

यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं, आणि विद्यार्थ्यांनीं तसें समजूंही नये. गर्भाशयाचा कर्करोग, मोठ्या गांठी, कशानेंही न थांबणारा रक्तस्राव, अशा प्रसंगीं हीच शस्त्रक्रिया प्राण वांचविते. परंतु अंगांतून पाणी जाणें, जंतुदोष, पाळीची अनियमितता या विकारांचा मोठा भाग तपासणी, औषधें, स्वच्छ पाणी व विश्रांति यांनीं बरा होण्यासारखा असतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर नैसर्गिक वेळेच्या कित्येक वर्षें आधींच रजोनिवृत्ति येते. अंडाशय ठेविले तरी ती लौकर येण्याचा संभव असतो. त्यायोगें हाडें ठिसूळ होतात, सांधे दुखतात, अंगाचा दाह होतो, पुढें हृदयविकाराचें भय वाढतें. जिनें डोक्यावर मोळ्या वाहून जगावयाचें तिचींच हाडें तिशी-पस्तिशींत कमजोर व्हावीं, याहून महाग उपचार कोणता असूं शकेल?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. कांहीं डॉक्टर म्हणतात, "या स्त्रिया स्वतःच येऊन पिशवी काढा म्हणून मागणी करितात. आम्हीं काय करावें?" त्या तसें म्हणतात हें खरें आहे. परंतु मागणी कशांतून निघाली हें पाहिलें पाहिजे. जिला दोन दिवस निजण्याची मोकळीक नाहीं, पाण्याची सोय नाहीं, वर्षांतून दोनदां तपासावयास कोणी येत नाहीं, तिच्यापुढें 'दर महिन्याचा त्रास कीं पिशवी' एवढ्याच दोन वाटा उरतात. अशा वेळचा होकार हा निवडीचा होकार नसून कोंडीचा होकार होय. डॉक्टरानें तिला तीन साधे प्रश्न विचारिले असते तर निदान बदललें असतें: "बाई, तुम्ही काय काम करितां? तुमच्यावर उचल किती आहे? दुखत असलें तर सुटी मिळते काय?" नाडी पाहणें जसें वैद्यकाचें अंग आहे तसेंच हे प्रश्न विचारणेंही वैद्यकाचें अंग आहे. ज्या रोगाचें मूळ कामांत आहे तो पोटांत शोधला म्हणजे पोटच कापलें जातें.

कोणी असेंही म्हणेल कीं, "हे लोक आपखुषीनें उचल घेतात, यांत जुलूम कोठें आला?" याचें उत्तर आपल्या कायद्यानेंच दिलें आहे. भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठ व सक्तीची मजुरी यांस बंदी केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें, आगाऊ घेतलेल्या पैशापायीं ज्याचें काम सोडण्याचें अथवा हिंडण्याफिरण्याचें स्वातंत्र्य गेलें तो मजूर वेठबिगारच मानला आहे. बेडी लोखंडाचीच असली पाहिजे असें नाहीं. ती हिशेबाच्या वहीचीही असते. १९८३ सालीं हरियाणांतील फरिदाबाद येथील दगडखाणींच्या मजुरांविषयींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा मजुरांस शोधून मुक्त करणें व त्यांच्या आरोग्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. १९७९ सालीं परप्रांतीं नेलेल्या मजुरांविषयीं जो कायदा झाला, त्यानें राहण्याची योग्य जागा व मोफत औषधोपचार देण्याची जबाबदारी मजूर नेणाऱ्या ठेकेदारावर घातली होती.

आणखी एक निकाल सांगण्याजोगा आहे. बंगालमध्यें एक शेतमजूर आगगाडींतून पडून त्याच्या डोक्यास गंभीर इजा झाली. कलकत्त्यांतील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं जागा नाहीं, सोय नाहीं, म्हणून त्याला परत पाठविलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, वेळेवर उपचार मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि पैसा अपुरा आहे ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं. त्याअर्थी उपचार ही भीक नव्हे. देणाऱ्याच्या दयेवर ती अवलंबून नाहीं; ती घेणाऱ्याच्या हक्काची वस्तु आहे.

परंतु केवळ कायद्यानें पडदे दूर होत नाहींत. तें काम माणसांनीं करावें लागतें, आणि आपल्याच प्रदेशांत तें झालेलें आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगची सांथ चालू असतां सावित्रीबाई फुले यांनीं हडपसरजवळ आपला दत्तकपुत्र डॉ. यशवंत याचा दवाखाना सुरू करविला. दार उघडून त्या रोग्यांची वाट पाहत बसल्या नाहींत. मुंढव्याच्या वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें. त्यांतच त्यांस प्लेगनें गांठलें आणि ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. दवाखान्याचें दार आणि रोग्याची झोंपडी यांमधील अंतर कोणीं चालावयाचें, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं आपल्या पायांनीं दिलें.

दुसरें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. त्यांनीं १९७० सालीं जामखेडास आपलें ग्रामीण आरोग्याचें कार्य सुरू केलें. दुष्काळी मुलूख, बसून राहिलेला डॉक्टर गांवोगांवच्या दुखण्यांस पुरा पडणार नाहीं हें त्यांनीं ओळखिलें. त्यांनीं प्रत्येक गांवास आपल्यांतीलच एक स्त्री निवडावयास सांगितलें. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतल्या होत्या. त्या नियमानें जामखेडास येऊन शिकत आणि गांवीं जाऊन बाळंतपण, मुलांचा आहार, जुलाबावरील उपाय, स्वच्छ पाणी हीं कामें करीत. ज्या बाईच्या हातचें पाणी पूर्वीं कोणी पीत नसे, तिच्या हातांत लोकांनीं आपलीं तान्हीं मुलें दिलीं. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि जगांतील निरनिराळ्या देशांतून लोक जामखेड पाहावयास येऊं लागले. त्यांच्या कार्याचें मर्म एवढेंच कीं, जो लपलेला आहे त्याला शोधावयास त्याच्यांतलेंच माणूस पाठवावें लागतें. जें डॉक्टरास सांगतां येत नाहीं तें शेजारणीस सांगतां येतें.

या दोन उदाहरणांवरून ऊंसतोड स्त्रियांविषयींचें कर्तव्य स्पष्ट होतें. पहिलें, मोजणें: ज्या गांवीं टोळी उतरते त्या गांवच्या आरोग्यकेंद्रानें त्या टोळींतील गरोदर स्त्रिया व तान्हीं मुलें आपल्या वहींत घ्यावीं. दुसरें, त्यांच्या वेळेस जाणें: फडावर किंवा कारखान्याच्या तळावर संध्याकाळीं तपासणी, आणि ती शक्यतों स्त्री-कार्यकर्त्यांकडून. तिसरें, कागद रोग्याबरोबर चालविणें: क्षयरोग्यांसाठीं 'निक्षय' नांवाची नोंदणी आज आहे, तीमुळें एका जिल्ह्यांत सुरू झालेलें औषध दुसऱ्या जिल्ह्यांत पुढें चालवितां येतें, तशीच सोय गरोदरपणाची व लसींचीही प्रत्यक्ष उपयोगांत आली पाहिजे. चौथें, हंगामाच्या आधीं व नंतर तपासणी करणें. पांचवें, आणि याशिवाय पहिलीं चारही लंगडीं होत, दुखण्याच्या दिवसाचा दंड बंद करणें.

कांहीं गोष्टी झाल्याही आहेत. २०१९ नंतर बीड जिल्ह्यांत खाजगी रुग्णालयांस गर्भाशय काढण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचें बंधन घालण्यांत आलें. सरकारनें ऊंसतोड कामगारांसाठीं कल्याणकारी महामंडळ स्थापिलें आणि त्यांच्या मुलांकरितां वसतिगृहांची योजना केली. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. तथापि परवानगीचा नियम सुरीस अडवितो. सुरीपर्यंत आणणाऱ्या दुखण्यास तो अडवीत नाहीं. तें काम फडावरच्या पाण्याचें, आडोशाचें आणि सुटीचें आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही विद्यार्थी, आम्हांस यांत काय करतां येणार?" तुमच्यांतील कांहीं पुढें डॉक्टर व परिचारिका होतील. त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, जो रोगी समोर बसला आहे त्याच्यामागें न आलेले किती आहेत हें रोज एकदां तरी स्वतःस विचारा. कांहीं कारखान्यांत अधिकारी होतील, कांहीं मोठे बागाईतदार होतील, आणि कदाचित् कांहीं मुकादमही होतील. त्यांच्या हातीं तर औषधाहून मोठें औषध आहे, तें म्हणजे विसाव्याचा एक दिवस. आणि ज्यांचे आईबाप आज फडावर आहेत त्यांनीं आपल्याला लाज वाटण्यासारखें कांहीं आहे असें कदापि समजूं नये. सकाळच्या चहांत आपण सर्वच जी साखर घालतों तींत त्यांच्या आईची पहांट विरघळलेली असते. लाज वाटावयाची असेल तर ती पिणाऱ्यांस वाटावी.

आमच्या वर्गानें एक लहान काम सुरू केलें आहे. दिवाळीपूर्वीं प्रत्येक मुलगा व मुलगी घरीं जाऊन आईचे व धाकट्या भावंडांचे दवाखान्याचे कागद, लसीकरणाचें कार्ड, चालू औषधांचीं नांवें हीं एका प्लास्टिकच्या पिशवींत घालून देतात, आणि कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहितात: कोणती लस झाली, कोणती केव्हां टोंचावयाची, कोणतें औषध कोणत्या महिन्यापर्यंत घ्यावयाचें. ज्या मुलांस कारखान्याचें व तालुक्याचें नांव ठाऊक असतें तीं तें येऊन मला सांगतात, आणि तें मी हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवितों. गतवर्षीं एका मुलीच्या आईनें सांगलीकडच्या एका आरोग्यकेंद्रांत तो कागद दाखविला आणि तान्ह्या बाळास चौदाव्या आठवड्याची लस चौदाव्या आठवड्यांतच मिळाली. एका बाळाची एक लस, एवढेंच. पण दोन वह्यांच्या मधल्या जागेंतून एक मूल त्या दिवशीं बाहेर आलें.

त्या आठवीच्या मुलाची वही मजपाशीं नाहीं. असती तर त्यावरील माझा शेरा मीं खोडला असता. अर्थ त्यानें स्पष्टच लिहिला होता. वाचणाऱ्यास तो विचारावयाचें सुचलें नव्हतें. तुम्हांपुढें पुढील आयुष्यांत अशा पुष्कळ वह्या, पुष्कळ कागद आणि पुष्कळ माणसें येतील. एखादा शब्द अडला तर त्याखालीं रेघ ओढण्यापूर्वीं त्या माणसास जवळ बोलवा आणि विचारा, "कोठें दुखतें?" आणि तो जवळ येत नसेल तर आपण उठून त्याच्यापाशीं जा.

— एक शिक्षक